खोकल्याचं रेकॉर्डिंग

चष्मेवाल्यांबद्दल चार शब्द लिहून द्या, असं त्यांच्या मेहुणीने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. एक तर मला लिहायची सवय नाही. आणि दुसरं, खरं सांगायचं तर, मला तो माणूस फारसा माहीतच नव्हता. ते मूळचे कुठले, भावंडं किती, शिक्षण कुठवर झालं, यातलं काही मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. आमच्या दोन घरांत एकच भिंत. अलीकडे मी, पलीकडे ते. जिन्यात गाठ पडली की "काय शेजारी?" "चाललंय." एवढ्यावर आमचं वर्षानुवर्षं भागलं.

"मग दुसऱ्या कुणाला विचारू ते तरी सांगा," मेहुणी म्हणाली. मला दुसरं कुणी सुचलं नाही. म्हणून बसलोय लिहायला. कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

चष्म्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत बसून ते काचा घासायचे. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण मालकाने त्यांना सकाळच्या वेळेपुरतं ठेवून घेतलं होतं. नखांत कायम पांढरी पूड असायची. माणूस समोर आला की आधी त्याच्या चष्म्याकडे बघायची त्यांना सवय होती. माझा चष्मा नाकावरून घसरतो हे मला त्यांनीच दाखवून दिलं. जिन्यातच काढून घेतला, दांडी अंगठ्याने जराशी वाकवली आणि परत दिला. त्या दिवसापासून तो घसरला नाही.

तरुणपणी ते एका मोठ्या हॉटेलात गिटार वाजवायचे. लोक जेवायला येत, हे कोपऱ्यात खुर्ची टाकून वाजवत बसत. "कुणी ऐकायचं नाही, तेच बरं होतं," ते एकदा म्हणाले होते. "चुकलं तरी ताटं वाजत राहायची." पण गल्ल्यावर बसणारी एक मुलगी ऐकायची. तिची त्यांच्याकडे पाठ असे. ती वळून कधी बघायची नाही, पण यांचा सूर घसरला की तिची पेन्सिल थबकायची. तीच पुढे आमच्या वहिनी झाल्या. मूलबाळ झालं नाही. हॉटेल बंद पडलं, ते काचा घासायला लागले, आणि गिटार पलंगाखाली गेली.

मग वहिनींना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. सगळ्या भाषेतला एकच शब्द त्यांच्याकडे उरला. अहो.

तहान लागली की अहो. कूस बदलायची की अहो. पडदा ओढायचा, माशी बसली, कंटाळा आला, राग आला, सगळ्याला अहो. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलासुद्धा त्यातलं पाण्याचं कुठलं आणि रागाचं कुठलं हे थोडंफार कळायला लागलं होतं. आणि प्रत्येक 'अहो'ला पलीकडून उत्तर यायचं, "आहे, आहे. इथंच आहे." दिवसातून किती वेळा, ते मोजायच्या पलीकडचं होतं. आवाज चढलेला कधी ऐकला नाही. थकलेला मात्र रोज ऐकला.

तेव्हा गिटार पुन्हा पलंगाखालून निघाली. का, तर ती वाजत असली की वहिनी शांत असायच्या. डोळे मिटून पडून राहायच्या, जेवणही नीट जायचं. म्हणून ते दुकानातून आले की वाजवायचे. संध्याकाळी वाजवायचे. पहाटे त्यांना जाग आली की पुन्हा वाजवायचे. बोटांच्या टोकांना आधीच काचा घासून घट्टे, त्यांवर आणखी घट्टे. "शेजारी, वाजवता वाजवता झोपलो आज," एकदा ते बाल्कनीतून म्हणाले. "हात चालू होते म्हणे. ही काय सांगणार, पण हिच्या तोंडावरून वाटलं."

खरी अडचण सकाळची होती. ते दुकानात गेले की वहिनींना सांभाळायला बाई ठेवलेली. पहिली आठवडाभर टिकली. दुसरीही गेली. तिसरी जरा खमकी होती, पण तीही एके दिवशी दारात उभी राहून चष्मेवाल्यांना म्हणाली, "काका, मी काम सोडते असं नाही म्हणत, पण तुम्ही काहीतरी करा. तुम्ही गेलात की त्या दारावर डोळा लावून बसतात आणि मला 'अहो, अहो' करतात. माझ्या नवऱ्याच्या कानावर गेलं तर तो म्हणेल, ही तिकडे कामाला जाते की संसार थाटायला?"

हसले ते. पण नंतर मला म्हणाले, "ही गेली तर चौथी मिळायची नाही. मग मेहुणी म्हणते तसं हिला संस्थेत ठेवावं लागेल. तिथे 'अहो' म्हटल्यावर कोण येणार?"  

त्यांच्या डोक्यात आलं की आपलं वाजवणं भरून ठेवावं. आपण दुकानात असताना बाईने ते लावायचं. म्हणजे सकाळ निभेल, आणि दुपारी आपल्यालाही घटकाभर पडता येईल.

सुरुवात फोनवर झाली. फोनची एक खोड निघाली. लांबत जाणारा सूर त्याला गोंगाट वाटायचा आणि तो आपल्या अकलेने कापून टाकायचा. ऐकताना असं वाटे की वाजवणाऱ्याचं तोंड कुणीतरी मधूनमधून दाबतंय. मग दुकानाच्या मालकाने आपला जुना लॅपटॉप दिला. त्याला हेडफोन लावून वाजवायला बसले तर आपलाच सूर त्यांना किंचित उशिरा ऐकू यायचा. "मी वाजवतो आणि मागून कुणीतरी वेडावून दाखवतंय," ते म्हणाले. "हातच पुढे जात नाही." शिवाय त्या लॅपटॉपमधून सतत एक घूं घूं असा आवाज भरला जायचा.

तेव्हा नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, आणि मला म्हणाले, "चला ना बरोबर. दोघं असलो की दुकानदार जरा कमी फसवतो." मी आयुष्यभर कचेरीत पाण्याच्या नळांचे नकाशे काढले. कॉम्प्युटरमधलं मला काय कळतं! पण नाही म्हणता आलं नाही.

दुकान रहदारीच्या रस्त्यावर होतं. दुकानदाराने विचारलं, "काय करायचंय काका?"

"गिटार भरायचीय."

"भरायचीय म्हणजे?"

"लोणचं भरतात तशी," चष्मेवाले म्हणाले. "टिकली पाहिजे."

दुकानदाराने आम्हाला एक काळा खोका दाखवला. त्यातून निळे, जांभळे, हिरवे दिवे आळीपाळीने लागत होते.

"हे दिवे कशाला?"

"गेम खेळताना मजा येते, काका."

"माझा गेम होत आलाय. साधं काही असेल तर दाखवा."

मग त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. मेमरी किती हवी, डिस्क कुठली हवी, म्हणजे सूर उशिरा यायचा नाही. गिटारसमोर एक चांगला माइक, आणि माइक व कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक छोटी डबी, जी आवाज आत नीट नेऊन पोचवते. घूं घूं होती ती अशी डबी नसल्यामुळे. चष्मेवाले सगळं शांतपणे ऐकत होते, आणि मधूनमधून त्या माणसाच्या चष्म्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी आधी वापरलेला एक टेबलावरचा कॉम्प्युटर घेतला. कुठल्याशा बंद झालेल्या कचेरीतला, पण तगडा. माइक आणि डबी मात्र नवी. निघताना मी भीत भीत विचारलं, "याच्या पंख्याचा आवाज येत नाही ना?"

दुकानदाराने कॉम्प्युटर चालू केला. "येतोय का बघा."

आम्ही दोघांनी कान लावले. काही ऐकू येत नव्हतं. बाहेर रस्ता गर्जत होता, त्यात काय ऐकू येणार? हे दोन म्हाताऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

घरी आणून चालू केला तेव्हा कळलं. पलीकडच्या त्या बंद खोलीत तो पंखा असा घोंघावत होता की वहिनींनी पहिला 'अहो' उच्चारला तो रागाचा होता. माइकमध्ये गिटार कमी आणि पंखाच जास्त.

चष्मेवाले खुर्चीत बसून राहिले. "परत नेऊ का?" मी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. पुन्हा जिने उतरून ते धूड नेण्याचं बळ आमच्या दोघांतही नव्हतं.

मी घरी आलो आणि हाताला चाळा म्हणून कागदावर दोन्ही खोल्या काढल्या. भिंत, खिडक्या, बाल्कन्या. एवढं एकच मला येतं. काढता काढता आठवलं की माइकची तार लांब असली तर चालतं असं दुकानदार बोलला होता. म्हणजे कॉम्प्युटर आणि डबी माझ्या खोलीत ठेवायची, तार खिडकीतून बाल्कनीवरून त्यांच्या खोलीत न्यायची. पंखा माझ्याकडे, गिटार त्यांच्याकडे, मध्ये भिंत. तो कागद मी त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांजवळ धरला. "शेजारी," ते म्हणाले, "तुम्ही नळाचं पाणी असंच आणायचात होय?" मला त्याचं फार बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

अशा रीतीने कॉम्प्युटर माझ्या पलंगाशेजारी आला. सून कामावरून आली आणि दारातच थांबली.

"बाबा, तुमच्या खोलीत विमान उतरतंय का?"

"शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर आहे."

"काकांचा कॉम्प्युटर आपल्याकडे, आणि काका?"

"ते त्यांच्याकडे."

"बरं," ती म्हणाली. "आपलं काही त्यांच्याकडे ठेवायचं असेल तर सांगा, अदलाबदल करून टाकू." पण सकाळी जाताना तिने खिडकीच्या फटीत, जिथून तार जात होती तिथे, वारा येऊ नये म्हणून जुना टॉवेल कोंबून ठेवला होता.

काम असं चालायचं. त्यांनी भिंतीवर एकदा ठोकलं की मी पडद्यावरचं लाल बटण दाबायचं. दोनदा ठोकलं की बंद करायचं. मला पलीकडचं वाजवणं पुसटसं ऐकू यायचं. पंख्याच्या घोंघाटात तेही बरंचसं बुडायचं. पडद्यावर एक हिरवी रेघ दिसायची. ते वाजवायला लागले की ती फुगायची, थांबले की बारीक व्हायची. त्यांची गिटार मी अशी ऐकली म्हणण्यापेक्षा बघितलीच जास्त.

पहिल्या दिवशी चाचणी म्हणून थोडंसं भरायचं होतं. एकदा ठोकलेलं मी ऐकलं, बटण दाबलं. नंतर डोळा लागला. दोनदा ठोकलेलं कानावर आलंच नाही. जागा झालो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती आणि ती रेघ आपली चालूच होती. मी घाईघाईने बंद केलं आणि काही बोललो नाही. पुसायचं कसं ते माहीत नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं.

खरं रेकॉर्डिंग पुढच्या सुटीच्या दिवशी झालं. वहिनींना जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी होती, तिचा पंप सतत गुरगुरत असायचा. तो थोडा वेळ बंद ठेवला. खिडक्या लावल्या. चष्मेवाल्यांना जुना खोकला होता, तो भरला जाऊ नये म्हणून त्यांनी गोळी तोंडात धरली. वहिनी झोपल्या होत्या. त्यांनी वाजवलं, चुकलं की पुन्हा वाजवलं. हॉटेलात जो माणूस चुकायला भीत नव्हता तो लाल बटणाला मात्र भीत होता. नंतर दुकानदाराने येऊन ते सगळं धुऊनपुसून दिलं. ऐकलं तर इतकं स्वच्छ, की हे आमच्या शेजारच्या खोलीत वाजलंय यावर माझा विश्वास बसेना.

माझ्याच कॉम्प्युटरमधून, म्हणजे त्यांच्याच, एक तार पलीकडे नेऊन तिथे भिंतीला लागून छोटा स्पीकर लावला, त्यातलं मलाही ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले, बाईने भिंत ठोकली, मी ते लावलं.

वहिनींनी जरा वेळ ऐकलं. मग सुरू झाल्या. अहो. अहो. गिटार वाजतेय आणि खुर्ची रिकामी. बाई सांगत होती की त्या कधी स्पीकरकडे बघतात, कधी खुर्चीकडे, आणि मग दाराकडे. रोजच्यापेक्षा जास्तच झालं. शेवटी बाईने ओरडून मला बंद करायला सांगितलं.

दुपारी चष्मेवाल्यांना हे कळलं. ते बाल्कनीत आले, कठड्याला धरून उभे राहिले. "फसवणूक कळली तिला," ते म्हणाले. बाई म्हणाली होती की महिना संपेपर्यंत थांबते, पुढचं बघा. मेहुणीने संस्थेचा पत्तासुद्धा काढून ठेवला होता. "मी दमलोय हो शेजारी," एवढंच बोलून ते आत गेले. त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतरच्या सकाळी बाईने पुन्हा भिंत ठोकली. "काका, काहीही लावा, पण लावा." मी घाबरून पडद्यावर जे पहिलं दिसलं ते लावलं. ते त्या पहिल्या दिवसाचं निघालं, मी झोपलो होतो तेव्हाचं.

त्यात काय नव्हतं! गादीचा पंप गुरगुरत होता. खुर्ची करकरत होती. गिटार चालू होती, मध्येच थांबत होती, "थांब गं, तार उतरली," म्हणून ते ती पिळत होते. वाटीत चमचा वाजत होता. त्यांचा तो खोकला, आधी दोन लहान आणि मग एक मोठा. आणि मधूनमधून वहिनींचा स्वतःचा 'अहो', आणि त्यावर लगेच, "आहे, आहे. इथंच आहे."

मी बंद करायला धावलो. पण पलीकडे शांतता होती. थोड्या वेळाने बाई बाल्कनीत आली आणि बोट ओठांवर ठेवून मला खुणेने म्हणाली, राहू द्या. तिने नंतर सांगितलं की वहिनींनी एकदा 'अहो' म्हटलं, स्पीकरमधून 'आहे' आलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. दरवेळी वेळ जुळायची असं नाही. कधी उत्तर आधी यायचं आणि हाक नंतर. पण बहुधा तसं ते त्यांच्या संसारातही असेल. कुणाच्या संसारात नसतं?

चष्मेवाल्यांनी आल्यावर ऐकलं. बराच वेळ तोंडावर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "सगळं बेसूर आहे. आणि हा खोकला कोणाचा?"

"तुमचाच."

"एवढा वाईट आहे?"

बाई टिकली. संस्थेचं नाव पुन्हा निघालं नाही. ते सकाळी दुकानात जायचे, दुपारी येऊन, वहिनींचं सगळं आवरून, खुर्चीत कलंडायचे. मी ते रेकॉर्डिंग लावायचो. कामाची पद्धत ठरून गेली होती, तरी ते दरवेळी बाल्कनीत येऊन सांगायचे. मध्येच मला जाग आली की पलीकडची गिटार रेकॉर्डिंगमधली की ते उठून स्वतः वाजवतायत, हे मला सुरांवरून कधीच ओळखता आलं नाही. मी खोकल्याची वाट बघायचो. दोन लहान, एक मोठा, आणि लगेच चमचा, की समजायचं, झोपलेत. मग मीही पुन्हा पडायचो. आम्ही दोघं म्हातारे भिंतीच्या दोन बाजूंना झोपायचो आणि ते जागे असल्यासारखे वाजवत राहायचे.

एका दुपारी ते असेच खुर्चीत गेले. झोपेतच. रेकॉर्डिंग चालू होतं. मी खोकला ऐकला, चमचा ऐकला आणि नेहमीप्रमाणे कूस बदलली. बाई आता संध्याकाळीही यायची, ती चहा घेऊन त्यांना उठवायला गेली तेव्हा कळलं. वहिनी शांत होत्या, असं ती म्हणाली. तोपर्यंत त्यांना उत्तरं मिळत होती.

वहिनी आता मेहुणीकडे असतात. दुकानदाराने ते रेकॉर्डिंग मेहुणीच्या फोनवर घालून दिलं. कॉम्प्युटर माझ्याकडेच आहे. सून म्हणते विकून टाका, पण रेटून म्हणत नाही. मेहुणी मध्ये फोनवर विचारत होती की त्यातला खोकला काढून टाकता येतो का, तिला ऐकवत नाही. मी म्हणालो, येत असेल, पण काढू नका. वहिनींना चुकल्यासारखं वाटेल. तेव्हाच ती म्हणाली की मग तुम्हीच लिहा त्यांच्यावर.

माणूस कसा होता हे यातून कळतं की नाही, मला सांगता येणार नाही. मला जे ठाऊक आहे ते एवढंच. आणि त्या शेवटच्या दुपारचं आमचं बोलणं. ते बाल्कनीत आले होते, चष्मा हातात, डोळे चोळत.

"शेजारी, जरा पडतो. तेवढं लावून द्या."

"कुठलं?"

"कुठलं काय? खोकल्याचं."

"आवाज वाढवू का थोडा? काल बारीक होता."

"नको, नको. माझ्याच खोकल्याने मला जाग येते."